पहिल्या कुत्र्याचं नाव

व्हर्ना पॉटल पावणेनऊलाच येऊन उभी राहते,
बँक नऊला उघडते हे ठाऊक असूनही.
बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर तीनदा आपटते
आणि माझ्याच खिडकीशी येते,
शेजारची रिकामी असली तरी.

ईस्टपोर्टमध्ये हिला कोण ओळखत नाही?
कॅनरी चालू होती तेव्हा
कात्रीनं सार्डिनची मुंडकी उडवायची ही,
हिच्याच पाटाशी माझी आई.
दोघींच्या बोटांना एकच वास यायचा,
रविवारी, चर्चमध्येसुद्धा.

आज तिच्या हातात एक पत्र आहे.
कधीही न पाहिलेल्या नेवाडा राज्यात
तिनं म्हणे मोटरबोट घेतलीय.
एकतीस हजार डॉलर. तीन हप्ते थकलेत.
"बोट?" ती म्हणते. "वाळवंटात?"
आणि हसते. मग हसू अर्धवट सोडून
खुर्ची शोधते.

मी नियमाप्रमाणे सुरुवात करते.
पत्त्याचा पुरावा?
विजेचं बिल लॉयडच्या नावावर,
लॉयड सात वर्षं टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून.
फोटोचं ओळखपत्र?
गाडी चालवणं सोडलं, तेव्हा लायसन्सही संपलं.
सहीचा नमुना आहे अडुसष्ट सालचा,
टपोरा, वळणदार,
त्या सहीला हात थरथरणं माहीत नाही.

उरले सुरक्षेचे प्रश्न.
उत्तरं मला दिसत नाहीत,
पडद्यावर फक्त हिरवं किंवा लाल.
आईचं माहेरचं आडनाव: हिरवं.
पहिली शाळा: हिरवं.
पहिल्या कुत्र्याचं नाव?

ती बाहेर धक्क्याकडे बघत राहते.
"स्किपर."
लाल.
"नाही गं, स्किपर नंतरचा. पहिला बाबांनी आणलेला,
एका कानावर ठिपका होता..."
ठिपका टाइप करता येत नाही.
अजून एक नाव. लाल.
अजून एक.
खातं गोठलं.

खाली जुनी नोंद दिसते मला:
चौदा नोव्हेंबर, रात्री दोन वाजून सहा मिनिटं.
कुणीतरी हाच प्रश्न
पहिल्या फटक्यात सोडवला होता.

ओळखीचा चोर जीवे न सोडी म्हणतात.
हा तर ओळखीचाही नव्हता,
ओळखच घेऊन गेला.

नियमाला शिव्या घालून ही कविता संपवता आली असती.
पण दोन हिवाळ्यांमागे
एडिथ हुपरचा पुतण्या याच खिडकीशी आला होता,
मावशीची चिठ्ठी घेऊन.
"मी ओळखते ना याला," म्हणत मी शिक्का मारला.
एडिथचं घर गेलं.
बँकेला दंड झाला, थिबोडोसाहेब बँगोरला गेले,
आणि हेड ऑफिसहून हे चौदा पानी परिपत्रक आलं.
त्यात माझं नाव नाही.
वाचताना मात्र प्रत्येक ओळ
माझ्याच अक्षरात वाटते.
एडिथ दुकानात दिसली की मी
सूपच्या डब्यांची रांग बदलते.

म्हणून व्हर्नापुढे मी फॉर्म सरकवला:
मी, खाली सही करणार, शपथेवर सांगते
की मी मीच आहे.
साक्षीदार दोन, बँकेचे कर्मचारी चालणार नाहीत.
ती पेन धरून बसली.
"तुझ्या बारशाला मी होते," एवढंच म्हणाली,
आणि फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला.

दारापर्यंत गेली. मफलर गुंडाळताना थांबली.
मग तिथूनच, सगळ्या बँकेला ऐकू जाईल असं
ओरडली एक नाव,
जणू तो धक्क्यावरून धावत येणार आहे,
भिजलेला, तोंडात मासळीचं डोकं.

कार्यालयीन वेळेत गोठलेलं
असं ओरडून वितळत नाही.
तरी मी ते चिठ्ठीवर उतरवलं,
जे करायची आम्हाला सक्त मनाई आहे,
दुपारपर्यंत खिशात बाळगलं
आणि श्रेडरमध्ये घातलं.

आता त्या दिवशी बँकेत असलेल्यांना ते ठाऊक आहे,
आणि नेवाडातल्या एकाला.
इथं मी ते लिहीत नाही.
नियम आहे.